तीनपैकी कुठलं?

स्लाऊमधले माझे शेजारी कांबळेकाका यांना कुणाचं लग्न मोडल्याचं सांगा, ते हळहळत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "तीनपैकी कुठलं?"

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी इंजिनिअरिंग शिकायला पोलंडला गेले आणि तिथली भाषा नि बार्बराकाकू दोन्ही घेऊन इंग्लंडात आले. पोलिश करारांचं इंग्रजी करणं हा त्यांचा धंदा. करार संपवायला पोलिशमध्ये तीन शब्द आहेत, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. नोटीस देऊन सोडणं, दोघांच्या संमतीनं सोडणं, आणि करार मुळात झालाच नव्हता असं धरून मागे फिरणं. इंग्रज माणूस तिन्हींना टर्मिनेशन म्हणून मोकळा होतो, याचा काकांना भयंकर राग.

म्हणूनच कुठलाही कागद ते शेवटच्या पानापासून वाचतात. माझा जिमचा फॉर्मसुद्धा त्यांनी उलटा धरला. "आत कुणीही शिरतं बाप्पा. बाहेर कसं पडायचं ते आधी पाह्य." मी मराठी मंडळाची कमिटी सोडली तेव्हा त्यांनी तिसरा प्रकार सुचवला: मी कमिटीत कधी नव्हतेच असं समजायचं. मला तो फार मानवला.

काकू गेल्यापासून रविवारी अकराचा चहा ते माझ्याकडे घेतात. त्यामुळे ग्लासगोला नोकरी लागल्याचं त्यांना सांगायचा मला धीरच होईना. शेवटी एका रविवारी सांगून टाकलं आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत बसले. तो आलाच नाही. "चांगलं झालं," म्हणाले आणि अर्धा कप तसाच ठेवून घरी गेले. मला फार वाईट वाटलं.

सामान हलवायच्या सकाळी काका दारात हजर. हातात टाइप केलेला करार, दोन प्रती. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मी थेट शेवटचं पान उघडलं. तिथे नुसत्या सह्यांच्या जागा होत्या.

"काका, बाहेर पडायचं कलम राहिलं."

"राह्यलं नाही." त्यांनी पेन पुढे केलं. "तिन्ही घालून पाह्यली. एकही चालेना. मग काढूनच टाकलं."

मी दोन्ही प्रतींवर सही केली आणि मग पहिलं पान वाचलं. कलम एक: दर रविवारी अकरा वाजता फोन. कलम दोन: चहा दोघांनी आपापला करावा, पण एकाच वेळी प्यावा.