गृहखात्याचा फोन

माणसाची कीर्ती किती लांब जाणार हे त्याच्या कर्तृत्वावर ठरत नाही; मध्ये डोंगर कुठे आडवा येतो त्यावर ठरतं. सोपान तिकोने याच्या बाबतीत हा नियम वीस वर्षं इतक्या काटेकोरपणे पाळला गेला, की सरकारी नियमांना लाज वाटावी.

सोपान म्हणजे वलवणच्या 'धुकेवाणी' रेडिओ केंद्राचा आवाज. केंद्र एका सेवाभावी संस्थेचं. खाली चिक्कीचं दुकान, वर स्टुडिओ (म्हणजे एक खोली, जिच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत). आवाजाची पोच लोणावळा, वलवण आणि आसपासच्या वाड्यांपर्यंत. मळवलीच्या अंगाला डोंगराची सोंड आडवी येते, तिच्यापलीकडे नुसती खरखर. सोपानचं घर सोंडेच्या बरोबर पलीकडे आहे. त्याच्या सुखी संसाराचं सगळं गुपित या एका वाक्यात आलं, पण ते समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल.

रेडिओवर तो आला तो अपघाताने. उद्घाटनाचे पाहुणे, एक मोठे मानसोपचारतज्ज्ञ, खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकले. सोपान तेव्हा मुंबईकरांचे बंगले सांभाळायचा आणि त्या दिवशी गच्चीवरची पाण्याची मोटर बघायला आला होता. रिकामा माणूस तेवढा एकच दिसला म्हणून त्याला माइकपुढे बसवला. तुंबलेला पाइप जोर न लावता कसा मोकळा करायचा, यावर तो अर्धा तास बोलला. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला, की सांगितलं तसं केलं आणि सून बोलती झाली. अशा रीतीने 'संसार सुरळीत' हा कार्यक्रम सुरू झाला. (पाहुण्यांचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही. घाटातच असावेत.)

कार्यक्रमाची पद्धत ठरलेली होती. फोन आला की सोपान म्हणायचा, "नाव सांगा, गाव सांगा, मन मोकळं करा." एकदा ऐकलेलं नाव तो जन्मात विसरायचा नाही. वर्षभराने फोन करणाऱ्या माणसालाही तो नावानिशी विचारायचा, की सासऱ्यांचा गुडघा कसा आहे. वलवणच्या झुंबरबाईंना तर त्यांच्या म्हशीबद्दल, हिराबद्दल, रोज विचारणा व्हायची. हिरा दोनदा व्याली तेव्हा दोन्ही वेळा खास भाग झाले होते.

आता सल्ला म्हटला की दाखला लागतो, आणि सोपान दाखला घरचा द्यायचा. बायकोचा उल्लेख तो 'आमचं गृहखातं' असा करायचा. गृहखात्याने भाजीत दोनदा मीठ घातलं. गृहखातं पाटल्यांसाठी आठवडाभर रुसलं. गृहखातं इतकं घोरतं, की एकदा शेजारच्या बंगल्याच्या गेटवरचा वॉचमन ट्रक आला समजून फाटक उघडून उभा राहिला. यातलं शेवटचं इतकं गाजलं, की लग्नाच्या वरातीतही लोक त्याची फर्माईश करायचे. (गृहखातं प्रत्यक्षात घोरत नव्हतं. घोरायचा सोपान. पण उठसूट स्वतःचंच उदाहरण देणं त्याला बढाई वाटायची.) संस्थेच्या पाहणीनुसार या कार्यक्रमामुळे वलवण परिसरातले एकसष्ट टक्के नवरे स्वतःला समजूतदार मानू लागले. बायकांची आकडेवारी गोळा करायची राहून गेली.

घरी मात्र सोपान बोलत नसे. आवाज ही संस्थेची मालमत्ता, ती घरगुती कामाला वापरणं त्याला बरोबर वाटत नसे. तो खोकायचा. एकदा खोकला म्हणजे चहा, दोनदा म्हणजे जेवायला वाढ, तीनदा म्हणजे टॉवेल कुठे आहे. त्याची आई होती तोवर बायकोला 'सूनबाई' म्हणायची, शेजारीपाजारी 'सोपानची मंडळी' म्हणायचे, आणि काम भागत होतं. नवरा रेडिओवर हवामान सांगतो, अशी तिची समजूत होती. उन्हाळ्यात पापड वाळत घालण्याआधी ती त्याच्या तोंडाकडे बघून घ्यायची. लोणावळ्यात बाजारहाटाला गेली तरी तिला कुणी ओळखत नसे, कारण गृहखातं कसं दिसतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कार्यक्रम मोबाइलवरही ऐकू येणार होता, पण त्याचा पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो कॅनडाला गेला.

असा सगळीकडे आनंद असताना संस्थेने विसाव्या वर्षानिमित्त उंच टॉवर उभारायचं ठरवलं. आवाज आता सोंड ओलांडून थेट मळवलीत जाणार होता.

सोपानला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्याने टॉवरला कडाडून विरोध केला. पक्ष्यांचं काय, असं त्याने विचारलं. मग धुक्याचं काय, असं विचारलं. शेवटी, कलाकाराने आपली पायरी ओळखून राहावं, मळवलीसारख्या मोठ्या ठिकाणी जाण्याची आपली लायकी नाही, असं तो सभेत म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

अध्यक्ष इरावतीताई तळेगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत त्यांनी पुष्कळ मुलं पाहिली होती, पण बक्षीस नको म्हणून रडणारा पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की टॉवरचा पहिला भाग सोपानच्या घराला अर्पण करायचा. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मळवलीत जाऊन गृहखात्याला नवा रेडिओ, हार आणि केंद्राचा फोन नंबर देऊन आल्या. सोपानने त्याच संध्याकाळी रेडिओतले सेल काढून विहिरीत टाकले. तिने भिंतीवरच्या घड्याळातले काढून रेडिओत घातले. घरातली वेळ थांबली आणि रेडिओ सुरू झाला.

उद्घाटनाच्या सकाळी सोपानने हुशारीने पवित्रा बदलला. आमचं गृहखातं म्हणजे साक्षात लक्ष्मी, मिठाचं प्रमाण तर आदर्श, अशी सुरुवात त्याने केली. पहिला फोन झुंबरबाईंचा आला.

"दादा, आज तब्येत बरी न्हाई का?"

सोपान म्हणाला, छान आहे, हिरा कशी आहे.

"हिराला सोडा. ते घोरण्याचं सांगा की. मळवलीच्या बायांनी कुटं आयकलंय ते अजून."

पाठोपाठ आणखी पाच फोन आले, सगळे घोरण्यासाठी. काचेपलीकडे इरावतीताई कौतुकाने मान डोलवत होत्या. सोपानने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माइककडे. शेवटी तो कलाकार होता. त्याने सांगितलं. वॉचमनचा भाग तर त्या दिवशी असा रंगला, की खाली चिक्की कापणारी माणसं सुरी ठेवून हसली.

तेवढ्यात पुढचा फोन वाजला.

"नाव सांगा, गाव सांगा, मन मोकळं करा," सोपान म्हणाला.

"गाव मळवली," पलीकडून बाईचा आवाज आला. "नाव तुमी सांगा."

आवाज ओळखीचा वाटला, पण कुठे ऐकलाय ते त्याला पटकन आठवेना. मग पलीकडची बाई एकदा खोकली. थांबून दोनदा खोकली. त्याबरोबर सोपानला सगळं आठवलं.

"अगं गृहखा..."

"ते तुमचं खातं. नाव इचारलं मी."

सोपानने घाईघाईने आधार कार्डावरचं नाव सांगितलं.

"त्ये माज्या बापानं ठिवल्यालं. तुमी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं, त्ये सांगा."

इथे शांतता झाली. 'धुकेवाणी'वर शांतता म्हणजे लाइट गेली, असा वीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे चिक्कीवाल्याने खाली जनरेटर सुरू केला. त्या धडधडीत सोपानने तांदूळ आठवले, ताट आठवलं, अंगठी सैल होती तेही आठवलं. अक्षर मात्र एकही आठवेना.

"आटवलं की या घरी," बाई म्हणाली. "तवर दाराला कडी हाय. आणि घोरतं कोन, त्ये बी सांगत जावा लोकांना." फोन बंद झाला.

पुढच्या मिनिटाला फोनची रांग लागली. झुंबरबाई म्हणाल्या, रेणुका असेल. वाकसईच्या एका आजोबांनी देवळातल्या सगळ्या देवींची नावं ओळीने सांगून पाहिली. लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याने स्वतःच्या बायकोचं नाव सुचवलं, लागू पडलं तर बघा म्हणाला. सोपान रोज एक नाव घेऊन मळवलीत जातो, दारात उभा राहून मोठ्याने म्हणतो, आतून एकदा खोकला येतो, आणि तो परत वलवणला येतो. मुक्काम हल्ली स्टुडिओतच असतो. (ट्रे लावलेले असल्यामुळे घोरणं बाहेर ऐकू जात नाही.) संस्थेच्या अहवालात या प्रकाराची नोंद 'श्रोत्यांचा वाढता सहभाग' अशी आहे. कार्यक्रमाला आता चिक्कीवाल्यांचं प्रायोजकत्व मिळालंय.

बायकोचं नाव विसरणारा नवरा पाहून सुजाण वाचकाला त्या बाईबद्दल मनापासून हळहळ वाटली असेल, याबद्दल शंका नाही. वाचकाचं लक्षही चांगलं आहे. झुंबरबाईंच्या म्हशीचं नाव त्याला आत्ताही विचारलं तर सांगता येईल. आधार कार्डावरचं नाव सोपानने त्या दिवशी रेडिओवर सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा ते काय होतं, हे विचारायला मात्र वाचकाचा अजून एकही फोन आलेला नाही.