एकशे ऐंशी किलोवॅटची ऊब

सेड्रिक मिडग्लीने आयुष्याची अडतीस वर्षं डोंगर मोजण्यात घालवली होती. यॉर्कशरच्या पाणीपुरवठा खात्यात तो नकाशे काढायचा. कुठल्या टेकडीवरून किती पाणी उतरेल आणि कुठल्या तलावात जाऊन निजेल, हे तो खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत, अर्धवट तंद्रीत बरोब्बर सांगायचा. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या नोव्हेंबरात घर गरम ठेवणाऱ्या जुन्या बॉयलरने एक लांब उसासा टाकून मान टाकली, तेव्हा सेड्रिक मुळीच घाबरला नाही. उलट त्याचे डोळे चमकले!

"विनी, नवा बॉयलर केवढा हवा, ते मी स्वतः काढणार! लोक अंदाजाने घेतात. अंदाजाने! अगं, मी अख्खी खोरी मोजलीत. हे घर म्हणजे काय, काडेपेटी!"

त्याची बायको विनिफ्रेड त्या वेळी दोन स्वेटर, एक कोट आणि सेड्रिकची मासेमारीची टोपी घालून, चहाची किटली तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून बसली होती.

"किती दिवस लागतील?"

"गडबड करून कसं चालेल? शास्त्र आहे ते."

"मग शास्त्र होईपर्यंत मी बहिणीकडे, एडिथकडे जाते. टॉर्कीला, समुद्रावर. घर गरम झालं की फोन कर."

सेड्रिकला वाटलं, चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच गेली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच एकटी! स्टेशनवरून तो परत आला तेव्हा घर इतकं गार होतं की दिवाणखान्यात त्याला स्वतःचा श्वास दिसत होता. आणि त्या श्वासाशिवाय घरात बोलायला कुणी नव्हतं.

त्याच दुपारी गल्लीतल्या सगळ्यांचे बॉयलर बसवणारी बर्नडेट डक्सबरी दारात आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची आणि सरळ बोलण्याची बाई.

"मिडग्लीसाहेब, वीस मिनिटांत खोल्या आणि त्यांतले तापणारे रेडिएटर मोजते आणि सांगते."

"मोजमाप माझ्यावर सोडा, बर्नडेटबाई. तुम्ही फक्त बसवायला या."

"बरं. पण एक ऐका, मोठ्याच्या नादी लागू नका. घराला न झेपणारा बॉयलर घेतलात, तर तो घटकेत पेटतो, घटकेत विझतो. गॅस मात्र पीत राहतो. छोटं घर आहे, छोटाच पुरेल."

"मी खोरी मोजलीत!" सेड्रिक म्हणाला.

"खोऱ्यांना रेडिएटर नसतात," असं म्हणून ती गेली.

मग सुरू झाले सेड्रिकच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर सात दिवस. टेप घेऊन तो खोल्याखोल्यांतून तरंगत फिरायचा. चौदा, बारा, नऊ. लांबी, रुंदी, उंची. मोठ्या पांढऱ्या कागदावर त्याने घराचा नकाशा काढला आणि टेकडीला उंचीच्या रेषा काढतात तशा उबेच्या रेषा काढल्या. जिन्याशी फिकट पिवळी, स्वयंपाकघरात नारिंगी, आणि विनिफ्रेडच्या खुर्चीभोवती गडद, पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाची. बाहेर माळरानावरून धुकं उतरायचं, गल्लीतले दिवे पाण्यात विरघळल्यासारखे दिसायचे. आणि सेड्रिक त्या जर्दाळूच्या गोलात विनिफ्रेडला बसवून बघायचा. टोपी नाही, कोट नाही, पायांत मोजेसुद्धा नाहीत! रंग भरता भरता त्याला डुलकी लागायची. स्वप्नात त्याचा दिवाणखाना गवताच्या कुरणाएवढा मोठा व्हायचा आणि त्यातून कोमट वारा वाहायचा.

आठव्या दिवशी त्याने लांबच्या शहरातल्या एका कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची एक मुलगी होती.

"मुख्य दालन, सर?"

"चौदा बाय बारा. उंची नऊ."

"नऊ! बापरे. इमारत जुनी आहे का?"

"अठराशे त्र्याण्णवची. दगडी."

"मग उष्णता सगळी वर मनोऱ्यात जात असेल."

"माळ्यावर जाते," सेड्रिक म्हणाला. 'मनोरा' हा शब्द त्याला आवडला.

"आणि लोक किती बसतात?"

"एरवी आम्ही दोघंच. नाताळात नऊ-दहा होतात."

"अरेरे," मुलगी हळहळली. "सगळीकडे हेच झालंय, सर. आमच्याकडेसुद्धा आता कुणी येत नाही. काळजी करू नका, एकशे ऐंशी किलोवॅटचा घ्या. एकदा ऊब मिळाली की लोक परत येतील."

लोक परत येतील! सेड्रिकला एकच माणूस परत यायला हवं होतं. "पाठवा," तो म्हणाला. लगेच त्याने टॉर्कीला फोन केला. "विनी, शनिवारी ये! संध्याकाळपर्यंत घर गरम!"

शनिवारी सकाळी धुक्यातून एक लॉरी आली. दोन धिप्पाड माणसांनी तिच्यातून जे खाली उतरवलं, ते बघून सेड्रिकला आधी वाटलं, चुकून कुणाचं तरी कपाट आलं. पांढरं, पोलादी आणि त्याच्या खांद्याला लागणारं.

"हे... आत जाईल?"

"बघू की," असं म्हणून त्यांनी जोर लावला. तो राक्षस एक हात आत सरकला आणि दाराच्या चौकटीत बूच बसावं तसा बसला. पुढे नाही, मागे नाही!

"अहो, ओढा ना मागे!"

"आमचं काम दारापर्यंत," पलीकडून आवाज आला. "दारापर्यंत आणलाय." आणि लॉरी गेली.

सेड्रिक आत होता. लूम स्ट्रीटवरची घरं पाठीला पाठ लावून उभी. मागे दार नाहीच. अडतीस वर्षं डोंगर मोजलेला माणूस स्वतःच्या घरात बंद झाला!

त्याने बर्नडेटला फोन केला. ती खिडकीतून आत आली, आधी पाय, मग हत्यारांची पेटी, मग शिव्या. तिने बॉयलरकडे पाहिलं, भिंतीवरच्या रंगीत नकाशाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"टेप आणा."

सेड्रिकने टेप दिली.

"हिच्या एका कडेला फूट आहेत, एका कडेला मीटर. तुम्ही कुठली कड वाचलीत?"

सेड्रिकने टेपकडे पाहिलं. मग छताकडे. नऊ मीटर! त्याच्या कानांतून गरम वाफा निघाल्या, त्या दिवसाची घरातली पहिली ऊब.

"फूट," तो पुटपुटला. "आकडे सांगितले, पण... फूट म्हणालोच नाही."

"तुम्ही चर्चचा बॉयलर मागवलात, मिडग्लीसाहेब."

"विनी चारला येतेय हो!" आता त्याच्या आवाजात शास्त्र उरलं नव्हतं. "ती दार बघून तशीच परत गेली तर?"

बर्नडेटने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या व्हॅनमध्ये एक छोटा आहे. वीसचा. तुमच्यासाठीच आणून ठेवला होता मागच्या आठवड्यात. खिडकीतून घ्या."

ठाकठोक सुरू झाली. इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. समोरच्या मेविस टॅटरसॉलने आपल्या पडद्याआडून सगळं पाहिलं होतं. ती मटणाचं सारण भरलेली एक गरम पेस्ट्री घेऊन खिडकीशी आली.

"सेड्रिक, विनिफ्रेड दिसली नाही रे दहा दिवसांत?"

"ती गेली," तो नळी धरून उभा होता, लक्ष भलतीकडे.

"गेली?"

"हो. बरं झालं एका अर्थी. इथे थंडीने हाल होत होते. आता छान गरम जागी आहे."

मेविसने दारातल्या त्या प्रचंड पांढऱ्या भट्टीकडे पाहिलं. आतून हातोड्याचा आवाज येत होता. तिने पेस्ट्री परत उचलली आणि तडक निघून गेली.

वीस मिनिटांनी दारातल्या बॉयलरच्या वरून दोन डोळे दिसले. त्यांच्यावर हवालदाराची टोपी.

"मिडग्ली आपणच? आपल्या पत्नीबद्दल थोडं बोलायचं होतं. शांत राहा. हातोडा खाली ठेवा."

"हातोडा माझा आहे!" आतून बर्नडेट ओरडली.

"आत आणखी एक बाई आहेत," हवालदाराने वळून मेविसला हळूच सांगितलं. मेविस फुटपाथवरच खाली बसली.

"अहो, माझी बायको चारला येतेय!" सेड्रिक बॉयलरवरून ओरडला.

"हो, हो," हवालदार मऊ आवाजात म्हणाला. "येतील हं. नक्की येतील."

आणि तेवढ्यात धुक्यातून टॅक्सी आली! विनिफ्रेड उतरली. तिने बॉयलर पाहिला, हवालदार पाहिला, फुटपाथवर बसलेली मेविस पाहिली.

"मी दहा दिवस गेले तर काय काय चालवलंय तुम्ही लोकांनी!" ती म्हणाली. मग तिने हवालदाराच्या हातात सूटकेस दिली, मेविसच्या हातातली पेस्ट्री घेतली, आणि पासष्टाव्या वर्षी खिडकीत पाय टाकला.

आत ऊब होती. भिंतीतल्या फडताळाएवढा तो छोटा बॉयलर स्वयंपाकघरात झोपलेल्या मांजरासारखा गुरगुरत होता. बर्नडेट हात पुसत खिडकीबाहेर उतरली. सोमवारी माणसं आणून दार मोकळं करते म्हणाली.

सेड्रिकने सगळं सांगून टाकलं. फूट, मीटर, मनोरा, सगळं. विनिफ्रेड ऐकत होती, कोट काढत होती.

"अरे, एडिथ बॉयलर फक्त सहा ते सात लावते. एक तास! मी तिथे टोपी घालून झोपायचे. दुसऱ्याच दिवशी परत यायचं होतं मला. पण म्हटलं, तुझं शास्त्र चाललंय. एवढा खुशीत दिसत होतास स्टेशनवर!"

भिंतीवरच्या नकाशाखाली ती आपल्या खुर्चीत बसली, मोजे काढले आणि बघता बघता डोळे मिटले. बाहेर धुक्यात हवालदार मेविसची समजूत घालत होता.

अर्ध्या तासात सेड्रिकच्या मानेवरून घाम ओघळायला लागला. त्याने स्वेटर काढला. मग शर्टाची बटणं सोडली. मग तो चवड्यांवर, अगदी मांजरपावलांनी, बॉयलरच्या बटणापाशी गेला.

"सेड्रिक," डोळे न उघडता विनिफ्रेड म्हणाली, "खबरदार हात लावलास तर!"