हमदानचं पॅकेज आणि शालूबाईंची गोधडी

"एका दुपारचं काम आहे अब्बा! लिनक्स टाकायचं, लागतील ती साधनं चढवायची, एक कमांड द्यायची, की पॅकेज तयार!" हमदाननं चुटकी वाजवली. चुटकी झकास वाजली. बिघडलं ते त्याच्या पुढचं.

हमदानच्या अब्बांचं, म्हणजे निजामभाईंचं, लोणावळ्यात चिक्कीचं दुकान. शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजलेली मंडळी तिथं यायची, फरशीवर तळं करायची, सगळ्या प्रकारची चिक्की चाखायची आणि "आलोच हं" म्हणून कायमची निघून जायची. पोरानं गल्ल्यावर बसून ही गर्दी सांभाळावी, एवढीच निजामभाईंची इच्छा. आणि नेमकं तेवढंच हमदानला नको होतं!

तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीनं घरून करायच्या नोकरीसाठी परीक्षा ठेवली. आपल्या मशीनवर लिनक्स बसवा, आमचा प्रोग्रॅम मूळ कोडपासून बांधा, त्याचं पॅकेज, म्हणजे कुठंही एका फटक्यात बसवता येईल असा गठ्ठा, करा आणि शुक्रवारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर दाखवा. बापलेकांचं ठरलं : जमलं तर नोकरी, नाही जमलं तर शनिवारपासून गल्ला.

लिनक्स बसलं, बरं का. पण पॅकेजला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, हवी होती. त्या लायब्ररीला दुसरी हवी. दुसरी म्हणे, तिसरीला आणा, तरच मी येते! लग्नाला एका मावशीला बोलवावं आणि तिच्या सासरची अख्खी आळी जेवायला यावी, तसला प्रकार. सगळा गुरुवार हमदान पाहुणे उतरवून घेत बसला. शुक्रवारी सकाळी एकदाची मंडळी जमली. त्यानं कमांड दिली आणि तो जुना कॉम्प्युटर असा घुमायला लागला, की अम्मीला वाटलं मिक्सर चालू राहिला.

"अम्मी, हे दुपारपर्यंत चालेल. मी जुम्म्याच्या नमाजला जाऊन येतो. कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही!"

"मी कशाला लावू बाबा?" जैतुनबी म्हणाल्या. आणि त्यांनी शब्द पाळला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता लोणावळ्याचा ऑगस्ट तुम्हाला ठाऊक असेल. ऊन कुणी पाहिलेलं नसतं. टॉवेल अंग पुसायच्या आधीच ओला असतो, आणि इथल्या बाईला घरात कुठं ऊब सापडली, की ती तिथं काहीतरी वाळत घालणारच. फ्रिजची मागची बाजू तर जुलैतच भरलेली!

जैतुनबी केर काढायला खोलीत आल्या आणि कॉम्प्युटरच्या मागून गरम वारा त्यांच्या पायांवर आला. त्या थबकल्या. मागं-पुढं पाहिलं. निजामभाईंचे पायमोजे आणून हळूच तिथं धरले. बघता बघता कडक! मग बनियन. मग खुर्चीला दोरी बांधून पायजमा. एवढं भाग्य एकटीनं कसं भोगायचं? त्यांनी शेजारच्या शालूबाईंना हाक मारली. शालूबाई मूळच्या पवनेकाठच्या, आल्या त्या गोधडी घेऊनच.

"जैतुनबी, लय गुणाचा डबा हाय गं ह्यो! माजी गोधडी आकाडापास्नं वली हाय."

"हात नको लावूस हं शालू. हमदाननं बजावलंय."

"न्हाई लावत. नुसती वरनं पांगरते."

आणि त्यांनी पांघरली! चारी बाजूंनी, खोचून. कॉम्प्युटर थोडा वेळ धापा टाकत राहिला, मग एकदम गप्प झाला.

"निजलं बिचारं," शालूबाई म्हणाल्या.

हमदान परतला तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यानं दोरी पाहिली, पायजमा पाहिला, गोधडी पाहिली आणि ती खसकन ओढून काढली.

"अम्मी! हे काय केलंत?"

"हात नाही लावला हं!"

"अहो, तापून बंद पडला तो! आता पहिल्यापासून बांधायला लागेल. चारच्या आत नाही होणार." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "जाऊ दे. उद्यापासून बसतो गल्ल्यावर."

जैतुनबींनी त्याला डब्याचं झाकण काढून पुन्हा कमांड द्यायला लावली. त्यांनी तडक दुकानात फोन लावला. "शटर ओढा! खोक्यांचे पुठ्ठे घेऊन घरी या!"

आणि काय सांगू, निजामभाई आले! ज्यांना पोरगा गल्ल्यावर हवा होता, तेच पुठ्ठा घेऊन उघड्या कॉम्प्युटरला वारा घालायला बसले. शालूबाई धान्य पाखडायचं सूप घेऊन आल्या. खिडक्या उघडल्या, धुकं आत आलं, आणि त्या गारव्यात मशीन सकाळपेक्षा जोरात पळायला लागलं.

तरी चार वाजले तेव्हा थोडं बाकीच होतं. पडद्यावर कंपनीच्या मानसी मॅडम आल्या आणि पाहतच राहिल्या.

"हमदान, तुमच्या मागे काय चाललंय?"

"कूलिंग सिस्टिम आहे, मॅडम."

"आणि तो पायजमा?"

"ती... जुनी सिस्टिम. काढतोय."

शालूबाईंना राहवेना. सुपासकट त्या कॅमेऱ्यात घुसल्या. "मॅडम, चूक माजी हाय! त्या डब्यावर गोधडी म्याच टाकलती. पोराला नापास करू नगा!"

मॅडम काही बोलणार, तोच पडद्यावर शेवटची ओळ उमटली. पॅकेज तयार! हमदाननं ते चढवलं, चालवलं. चाललं! मॅडमना हसू आवरेना. "सोमवारपासून कामाला लागा. लॅपटॉप कंपनी पाठवेल."

निजामभाईंनी पोराला मिठी मारली. मग डोळे पुसून म्हणाले, "सोमवारपासून ना? मग उद्या-परवा ये दुकानात."

म्हणजे गल्ला काही चुकला नाही!

सोमवारी लॅपटॉप आला. चपटा, चकचकीत. कंपनीची पॅकेजं आता पुण्याच्या मोठ्या मशीनवर बांधायची, यानं इथून नुसती कमांड द्यायची. हमदाननं छाती फुगवून तो सुरू केला. शालूबाई ओलं लुगडं खांद्यावर टाकून तयारच होत्या. जैतुनबींनी लॅपटॉपवर तळवा ठेवला. उलटा करून खालून ठेवला. मागून वारा येतो का, तेही पाहिलं. मग त्यांचा चेहरा पडला.

"गार आहे रे! फसवलं तुला. बिघडलेला दिलाय, बदलून माग!"