टायगरचा टॉवेलवाला

आमच्या लालबागच्या चाळीत नळावर दोन बायकांची जुंपली की बाकीची माणसं सोडवायला धावत. सदू गवस स्टूल घेऊन धावायचा. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात बादली, खांद्यावर टॉवेल. दोघींना धाप लागली की जी जवळ असेल तिच्यापुढे स्टूल टाकायचा आणि सांगायचा, "बस. चूळ भर, पाणी गिळू नको. तिची डावी बाजू उघडी हाय." भांडण तिथेच मिटायचं, कारण मग दोघी मिळून सदूवर उलटायच्या.

हा सदू म्हणजे टायगर परबचा टॉवेलवाला. टायगर परब कोण, असं त्या काळी गिरणगावात विचारलं असतं तर लोकांनी तुम्हांला वेड्यात काढलं असतं. बॉक्सर! भिंतीभिंतीवर त्याची पोस्टरं. टायगर लढायचा आणि सदू रिंगच्या कोपऱ्यात बसायचा. घाम पुसायचा, भुवई फुटली तर बर्फ दाबायचा, आणि गड्याच्या जिवावर बेतलं तर टॉवेल आत फेकून लढत थांबवायची. हे शेवटचं काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. "आमचा टॉवेल खांद्यावरनं उतरत नाय, मास्तर," तो मला सांगायचा. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवतो, म्हणून माझ्याशी तो जमेल तेवढं शुद्ध बोलायचा. टायगरशी मात्र मालवणीत. दोघं वेंगुर्ल्याकडचे, एकाच वाडीतले.

टॉवेल खरंच उतरत नसे. लग्नाला टॉवेल, मयताला टॉवेल. बोलताना कायम 'आम्ही'. "काल आम्ही त्या कलकत्तेवाल्याला झोपवला." मार टायगर खायचा, अंग सदूचं दुखायचं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "एक पोर सांभाळतोय ते काय कमी आहे?" पोर त्याच्याहून दोन वर्षांनी मोठं आणि दीडपट रुंद होतं.

टायगरभोवती गोतावळा काय थोडा होता! मॅनेजर केणी, मे महिन्यातसुद्धा कोट घालणारा. एक अंग रगडणारा. एक नुसता "वा टायगर!" म्हणणारा. एक जण सिगारेट पेटवून द्यायला. टायगर सिगारेट ओढत नसे, तेव्हा तो बिचारा स्वतःच ओढायचा. रविवारी टायगरच्या घरी मटण शिजायचं आणि ही सगळी फौज पाटावर. टायगरची बायको वाढून वाढून अर्धी झाली. सदू तेवढा दारात उभा राहून जेवायचा, डोळा टायगरच्या ताटावर.

म्हणून ते पहिल्यांदा त्यालाच दिसलं. टायगरचा घास तोंडाशी जाता जाता थरथरायचा. एकदा चहात मीठ घालून गटागटा प्यायला. एकदा जिन्यात थांबून त्याने सदूला विचारलं, आपण कितव्या मजल्यावर राहतो. सदू केणीकडे गेला. म्हणाला, "साहेब, डोक्याला मार लागलाय. आता बास करा." केणी म्हणाला, "अरे, वाघ आहे तो! वाघाला कुठं पत्ता पाठ असतो?" आणि 'वा टायगर' म्हणणारा "वा साहेब!" म्हणाला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, रोज मोर्चा, चाळीच्या गॅलरीतून "मुंबई आमची!" अशी आरोळी उठली की समोरच्या चाळीतून तिला जबाब. केणीने हवा बरोबर हेरली. लढत ठरवली आणि रिंगवर फलक लावला: 'मराठी वाघ माघार घेणार नाही.' मुंबईचं काय व्हायचं ते होवो, केणीची तिकिटं खपली.

सदूने मला पास दिला होता, अगदी कोपऱ्यामागचा. समोर पंचविशीचा पोरगा होता. त्याने टायगरला पहिल्यापासून पिठासारखा तिंबला. लोक मात्र घोषणांत दंग. तिसरी फेरी संपली, टायगर स्टुलावर येऊन बसला. सदू तोंड पुसत होता. टायगरने लहान पोरासारखं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "सदग्या, आपण खंय इलव रे?"

आपण कुठे आलोय! हजारो माणसं त्याच्या नावाने ओरडत होती आणि त्या माणसाला आपण कुठे आहोत ते ठाऊक नव्हतं.

घंटा झाली. टायगर उठून गेला, पहिला ठोसा बसला, आणि सदूच्या खांद्यावरचा टॉवेल रिंगमध्ये जाऊन पडला.

मग शिव्यांचा पाऊस. टायगर डुलत डुलत कोपऱ्यात आला, खाली टॉवेल बघितला आणि सदूच्या कानाखाली अशी काढली की सदू बादलीसकट आडवा. केणी ओरडला, "फितूर!"

तो शब्द चाळीपर्यंत सदूच्या आधी पोचला. "मुंबई मागायच्या दिवसांत टॉवेल टाकतोस? लाज नाही वाटत?" दाराला कुणी काळं फडकं बांधलं. टायगरने काय विचारलं ते मी घसा फोडून सांगितलं. लोक म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाढे शिकवा. बॉक्सिंगमधलं तुम्हांला काय कळतं?" पुढे मोर्च्यात अश्रुधूर सुटला आणि सदू बादली घेऊन धावला, तेव्हा हीच शूर मंडळी सदूच्या बादलीवर तुटून पडली, त्याच्याच ओल्या टॉवेलने डोळे पुसले, आणि दिसायला लागल्यावर पुन्हा त्याला फितूर म्हणायला मोकळी झाली. जळो मेली ती जात!

गोतावळ्याचं म्हणाल तर सरड्यालाही लाज वाटावी. केणीने दुसरा वाघ धरला. सिगारेटवाला त्याच्याबरोबर गेला. 'वा टायगर'वाल्याला नाव तेवढं बदलावं लागलं. टायगरची बायको मुलं घेऊन वेंगुर्ल्याला गेली. तिला मी दोष देत नाही, दारात आलेल्या परक्या बाईला विचारावं तसं तो तिलाच विचारायचा, "बाई, तुमका कोण व्हया?" सदूने एक दिवस टायगरला हाताला धरून आपल्या खोलीत आणलं.

महाराष्ट्र मिळाला त्या संध्याकाळी चाळभर दिवे लागले. मी पेढे घेऊन सदूकडे गेलो. टायगर खाटेवर बसला होता. हात कापत होते, नजर भिंतीवर. सदूने पेढा पुढे केला तर तोंड घट्ट मिटलेलं.

"कोण रे तू?" टायगरने विचारलं.

"टॉवेल टाकणारो," सदू म्हणाला.

टायगरचे डोळे एकदम पेटले. मूठ वर गेली. "सदग्या! मेल्या! थू तुझ्या जिनगानीर! मी जिकत होतंय!" पुढच्या शिव्या माझ्याच्याने लिहवत नाहीत. सदू मान खाली घालून ऐकत राहिला. शिव्या संपल्या, मूठ खाली आली, आणि टायगरने मुकाट्याने तोंड उघडलं. सदूने पेढा भरवला, खांद्यावरच्या टॉवेलने त्याची हनुवटी पुसली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"जेवायच्या टायमाला. दोनदा."

माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, ज्याच्यासाठी एवढं केलंस त्याच्या शिव्या खातोस? सरळ सांग ना, टॉवेल पडलाच नाही, तू जिंकलास! इथे खोटं पाडायला केणी थोडाच बसलाय?"

सदू टॉवेलची घडी घालत होता. घडी खांद्यावर नीट बसवून झाल्यावर म्हणाला,

"सांगून बघितलं, मास्तर. जिंकलास म्हटलं की खूश होतो. हसतो. पण मग विचारतो, तू कोण रे?"