वाकडे लाडू

संगमेश सर घरात शिरले ते चपला न काढताच, आणि शिरल्या शिरल्या म्हणाले, "एक्कावन्न लाडू."

नागरत्ना शिलाई मशीनवर बसली होती. दिवाळी चार दिवसांवर आलेली. कॉटवर, खुर्चीवर, अगदी टीव्हीच्या डोक्यावरसुद्धा गल्लीतल्या बायकांच्या ब्लाऊजची कापडं पसरलेली. तिनं मशीन थांबवली नाही.

"कुणाला पायजेत?"

"गुंडप्पा अण्णांना. बेसनाचे. घरी केलेले. धनतेरशीला सकाळी पोचवायचेत."

"मग करा की."

सर बायकोकडे बघतच राहिले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हे क्रियापद त्यांना उद्देशून स्वयंपाकघराच्या संदर्भात आजवर कुणी वापरलं नव्हतं.

गुंडप्पा अण्णा म्हणजे कमलनगरच्या ज्या खासगी हायस्कुलात संगमेश सर नऊ वर्षं इतिहास शिकवत होते, त्या संस्थेचे अध्यक्ष. मुख्याध्यापक दिवाळीनंतर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे एकटे अण्णा ठरवणार होते. दावेदार दोनच, इतिहासाचे संगमेश सर आणि भूगोलाचे तानाजी सर. गणिताच्या शिवकन्या मॅडम टाइमटेबल लावत, निकाल बनवत, शाळेची सगळी ऑनलाइन कामं उरकत, पण त्यांचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एवढं काम करणाऱ्या बाईला खुर्चीत बसवलं तर काम कोण करणार, असा साधा हिशेब असावा.

गेल्या दिवाळीत अण्णांच्या घरी सोनपापडीचे सतरा डबे आले होते. त्यातला एक तर त्यांनीच आदल्या वर्षी साडूला दिलेला निघाला. तेव्हापासून अण्णांचं मन विकतच्या मिठाईवरून उडालं. परवाच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं, "या साली दुकानातलं काई आणायचं न्हाई. घरी केलेलं आणा. घरातला हात कसा हाय त्यावरनं माणूस कळतोय." स्वतः अण्णांनी आयुष्यात चहाचं भांडं विसळलं नव्हतं, पण टाळ्या जोरात पडल्या. सर्वात जोरात संगमेश सरांनी वाजवल्या.

"अगं, नऊ वर्षं झाली मला," सर काकुळतीला आले. "खुर्ची हातची जाईल की."

"खुर्चीत तुमी बसणार. मग बेसन मी कामून भाजू? हे बगा, उमाक्कांचा ब्लाऊजबी याच ढिगात हाय. तुमच्या अण्णांच्याच मालकीणबाई. आता सांगा, लाडू वळू का बाह्या जोडू?"

सरांनी भांड्यांच्या फळीवरून एक मोठा स्टीलचा डबा काढला आणि पाय आपटत बाहेर पडले.

बसस्टँडच्या मागं सत्यभामाबाई राहायच्या. दिवाळीत ऑर्डरीनं फराळ करून द्यायच्या आणि वर्षभर त्याबद्दल तोंड बंद ठेवायच्या. म्हणूनच त्यांचा धंदा जोरात होता. त्यांची अट एकच, डबा आपापल्या घरचा आणायचा. शिवकन्या मॅडम या त्यांच्या सूनबाई.

"मावशी, एक इनंती हाय," सर दाराकडे बघत हळूच म्हणाले. "लाडू जरा वाकडे वळा."

"कामून?"

"एकसारखे झाले तर इकत आणल्यावाणी दिसतेत."

सत्यभामाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गुरुजी, तीस वर्सं झाली मला लाडू वळायला. हात आपोआप गोल फिरतोय. वाकडं करायचं म्हणलं की ध्यान द्यावं लागतंय."

"द्या की जरा."

"देते बाबा. भूगोलाच्या मास्तरलाबी तसेच पायजेत."

म्हणजे तानाजीसुद्धा इथूनच! पण बोलणार कुठल्या तोंडानं? कोपऱ्यात शिवकन्या मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. वरचा गठ्ठा नववीच्या इतिहासाचा होता, म्हणजे संगमेश सरांचाच. दसऱ्याआधी झालेल्या सहामाहीचे ते पेपर 'मॅडम, तुमचं अक्षर चांगलंय, एवढे बघून टाका' असं म्हणून सरांनी त्यांच्या टेबलावर ठेवले होते.

"सर, तुमचे चाळीस राहिलेत अजून," मॅडम म्हणाल्या.

"होऊ द्या सावकाश," सरांनी मोठं मन दाखवलं. "आणि मॅडम, हे लाडवाचं..."

"मी कशाला बोलू, सर?" असं म्हणून मॅडमनी पुन्हा लाल पेन चालवायला सुरुवात केली.

धनतेरशीला सकाळी सर डबा न्यायला आले तेव्हा सत्यभामाबाईंच्या ओसरीत पंधरा-वीस डबे ओळीनं मांडलेले. सगळे फडक्यात गाठ मारून बांधलेले. आपल्याकडे लग्नात डबा द्यायचा तर त्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव कोरल्याशिवाय कुणी देत नाही, तेव्हा फडकं सोडून नाव बघितलं असतं तर काम झालं असतं.

"नाव बघून घ्या, गुरुजी," आतून चकल्या तळता तळता सत्यभामाबाई ओरडल्या.

पण तेवढ्यात समोरच्या रस्त्यानं शाळेचा शिपाई सायकलवरून जाताना दिसला. सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी कडेचा डबा उचलला, काखोटीला मारला आणि मागच्या बोळातून निघाले ते थेट अण्णांच्या वाटेला लागले.

अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी उमादेवी वाती वळत होत्या.

"शरणार्थी अण्णा, शरणार्थी अक्का," सरांनी वाकून नमस्कार केला. "घरचं जरासं गोडधोड. आमच्या हिनं चार दिवस दुसरं काई केलंच न्हाई बगा."

"चार दिवस?" उमादेवींनी भुवया वर केल्या. "आन माझा ब्लाऊज कवा शिवला मग तिनं?"

"तो... तो लाडू वळता वळताच शिवला."

उमादेवींनी फडकं सोडलं, डबा फिरवला आणि मोठ्यानं वाचलं, "तानाजीराव यांच्या विवाहानिमित्त, अंकुशराव मामा, ठाणाकुशनूर."

गडबडीत डबा तानाजीचा उचलला होता. पण नऊ वर्षं वर्गात न वाचलेला धडा शिकवायची सवय कामी आली. "त्याचं काय हाय अक्का, आमचा आन तानाजी सरांचा लई घरोबा. त्यांचा डबा आमच्याकडंच ऱ्हायला होता. डबा त्यांचा, लाडू आमचे."

अण्णा खूश झाले. "बघ उमा, मी म्हणलो होतो, दोघं भांडतेत म्हणून लोक उगाच बोलतेत."

आणि त्याच वेळी गेट वाजलं. तानाजी सर आत आले. हातात फडक्यात बांधलेला डबा.

"अण्णा, घरचं जरासं गोडधोड..."

उमादेवींनी तोही डबा हातात घेतला. "चि. सौ. कां. नागरत्नास, काशप्पा मामाकडून, जनवाडा."

तानाजी सरांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग संगमेश सरांकडे, मग पुन्हा डब्याकडे. "आमचा लई घरोबा हाय, अण्णा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यांचा डबा आमच्याकडंच ऱ्हायला होता."

"आसं व्हय!" अण्णा म्हणाले. "आण गं उमा, दोन्ही ताटात काढ. बघू कुणाच्या घरचा हात चांगलाय."

दोन ताटांत वाकडे लाडू मांडले गेले. कुणाचा चपटा, कुणाला कोपरा, एकाला तर चक्क नाक आलेलं. सत्यभामाबाईंनी ध्यान द्यायचं म्हणजे अगदी ध्यान दिलं होतं. अण्णांनी संगमेश सरांचा लाडू तोडला, डोळे मिटून चघळला. "बेसन जरा कच्चं ऱ्हायलंय." मग तानाजी सरांचा. "हितं साखर ज्यादा झाली." मग उमादेवींना म्हणाले, "तुझा आण. ह्या पोरांना कळू दे लाडू कशाला म्हणतेत."

उमादेवी जागच्या हलेनात. अण्णा स्वतःच उठले, आतून वाटी घेऊन आले आणि दोघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. गोल, गुळगुळीत, वर एक चारोळी. "तीस वर्षं हाच हात! खावा."

संगमेश सरांनी घास घेतला. वेलदोडा, मागून सुंठेचा हलका ठसका. तीच सुंठ. ऑर्डर द्यायला गेले तेव्हा सत्यभामाबाईंनी चवीला जो एक लाडू हातावर ठेवला होता, त्यातही हीच होती. त्यांनी तानाजी सरांकडे पाहिलं. तानाजी सरांचंही तोंड मध्येच थांबलं होतं. मग दोघांनी उमादेवींकडे पाहिलं, आणि उमादेवींनी डोक्यावरचा पदर उगाचच पुढं ओढला.

"कसाय?" अण्णांनी विचारलं.

"ह्याला तोडच न्हाई," दोघं एका सुरात म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय?

अण्णांच्या अंगात उत्साह संचारला. "मला तुमच्या डब्याचं कायबी समजंना गेलंय. आपण आसं करू. पाडव्याला सकाळी दोघांच्या मालकिणींनी हितं यायचं आन माझ्या डोळ्यासमोर लाडू करायचे. जिचा लाडू चांगला, तिचा मालक हेडमास्तर. पयले आमची उमा करून दाखवील."

उमादेवींच्या हातातली वात तुटली.

पोरांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या तहांची कलमं पाठ करायला लावणाऱ्या संगमेश सरांना घरी तहाचं एकही कलम सुचेना. त्यांनी नागरत्नाला सगळं सांगितलं, हात जोडले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ती बाह्या जोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सर बाजारात गेले असताना उमादेवी ब्लाऊज न्यायच्या निमित्तानं आल्या आणि ब्लाऊजकडे न बघता कॉटवर बसल्या.

"नागरत्ना, तुला लाडू करायला येतेत का गं?"

"खरं सांगू, अक्का? येतेत, पण मी केले न्हाईत. सत्यभामाबाईनं केलेत."

उमादेवींनी एवढा मोठा श्वास सोडला की टीव्हीवरचं एक कापड खाली पडलं. "बरं झालं बाई! माझेबी तिनंच केलेत."

"म्हंजी तुमीबी, अक्का? किती साल झाली?"

"लगीन झाल्यापासनं. पयल्या दिवाळीला माझा लाडू करपला, सासूबाई काई बोलायच्या आत मी तिच्याकडनं आणून ठिवला. आता तीस वर्सांनी ह्या माणसासमोर मी काय वळू?"

दोघी उठल्या आणि बसस्टँडच्या मागं गेल्या. सत्यभामाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, मी कुणाचं नाव आजवर घेतलं न्हाई, पुढंबी घेणार न्हाई. पण एक इचारते. माझ्या सुनंला त्या शाळंत आकरा वर्सं झाली. तिचं नाव कामून कुणी घेईना?"

उमादेवींनी मान खाली घातली, मग वर केली. परतताना त्या तानाजी सरांच्या बायकोलाही भेटून आल्या.

पाडव्याला सकाळी अण्णांच्या अंगणात गॅसची शेगडी, बेसनाचं घमेलं आणि तुपाचा डबा मांडला होता. अण्णा नवं धोतर नेसून परीक्षकासारखे बसलेले. एका बाजूला नागरत्ना, दुसऱ्या बाजूला तानाजी सरांची बायको. दोघींनीही पदर खोचला नव्हता, हे संगमेश सरांना खटकलं.

"कर सुरू, उमा," अण्णा म्हणाले.

"आदी मला एक सांगा," उमादेवी म्हणाल्या, "शाळंत सगळ्यात जुनं कोण?"

अण्णांनी बोटांवर मोजलं. "संगमेश नऊ. तानाजी साडेनऊ."

"आन शिवकन्या आकरा."

अण्णांनी खाकरून घेतलं. "ते हाय, पण ती बाईमाणूस..."

"बाईच्या हातचे लाडू बघून गडीमाणूस हेडमास्तर करायलाव. मग सरळ बाईलाच करा की!"

तानाजी सरांच्या बायकोला हसू आवरेना. अण्णा लाल झाले. "आन लाडवाचं काय?"

"ते तुमी करा. बेसन हितं हाय, तूप हितं हाय, शेगडी मी पेटवून देते. घरातला हात कसा हाय ते कळू द्या सगळ्यांना."

अण्णांनी शेगडीकडे पाहिलं, घमेल्याकडे पाहिलं, आणि गेटपाशी जमलेल्या सातआठ माणसांकडे पाहिलं. त्यांचा गुडघा एकाएकी दुखायला लागला. गुडघा चोळत चोळतच त्यांनी शिवकन्या मॅडमच्या नावाची घोषणा केली, आणि हे आपल्या मनात पहिल्यापासूनच होतं असंही सांगितलं.

शाळा उघडली त्या दिवशी संगमेश सर नव्या मुख्याध्यापकांच्या खोलीत अभिनंदन करायला गेले. मनातून जळफळाट चालला होता, पण चेहरा गोड. चालायचंच, ते स्वतःला समजावत होते. बाई साधी आहे, कामं पूर्वीसारखीच होत राहतील.

"या सर," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "तुमचा डबा. अक्कांनी परत द्यायचा म्हणून भरायला आमच्या सासूबाईंकडं पाठवला होता. मीच भरला." आणि डब्याखाली त्यांनी एक गठ्ठा ठेवला. "आणि हे नववीचे चाळीस पेपर. तुमच्या घरचे आहेत. घरच्याच हातानं होऊ द्या."

घरी येऊन सरांनी मोठ्या आशेनं डबा उघडला. डबा रिकामा देऊ नये म्हणून आत एक लाल पेन ठेवलेलं होतं.

सरांनी नागरत्नाकडे केविलवाण्या नजरेनं पाहिलं. तिनं मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

"बसा की तपासायला," ती म्हणाली. "आन जरा वाकडे तपासा, म्हंजी घरचे वाटतील."