बाजूला सर, मेल्या

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले नाखवा आमच्याकडे टीव्ही बघायला येताना नारळ घेऊन येत. रविवारी दुपारी केबलवर जुन्या काळच्या समुद्री चाच्यांची मालिका लागायची, अर्धी माहिती, अर्धं नाटक. नाखवा आधी टीव्हीवर नारळ ठेवणार, हात जोडणार. "पानी दिसनार ना? मंग नारल पयला." मालिका संपली की तोच नारळ काखोटीला मारून घरी.

नाखवा मूळचे ठाण्याच्या कोळीवाड्यातले. होडी त्यांच्या वडिलांनीच विकलेली, ह्यांचा जन्म कंपनीत मशीनवर गेला. ऐट मात्र नाखव्याचीच. मध्येच कुणी इंग्रज प्रोफेसर इतिहास सांगायला आला, की "आला मास्तर" म्हणून तंबाखू मळायला घेत. तलवारी निघाल्या की पुढे सरकत आणि पडद्यावरच्या चाच्याला दम भरत, "बाजूला सर, मेल्या." आई म्हणायची, ह्यांच्या अंगात येणार एक दिवस.

एकदा मी म्हटलं, "काका, ही माणसं मरून तीनशे वर्षं झाली. ओरडताय कोणाला?"

"त्यांना कोन बगतंय?" नाखवा म्हणाले. "गोष्ट जुनी, पन शूटिंग तं आताचा ना? आपल्या सुदेशची बोट त्याच दर्यान हाय. मागून गेली तं दिसंल."

सुदेश त्यांचा एकुलता एक, मालवाहू बोटीवर खलाशी. फोन आमच्याकडे असल्यामुळे त्याचा फोन आमच्याकडेच यायचा. नारळी पौर्णिमेला येतो म्हणालेला. त्याच्या हातून खाडीत सोडायला नाखव्यांनी नारळही आणून ठेवला. पौर्णिमा होऊन गेली, सुदेश आला नाही, पुढे फोनही थांबले. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण टीव्हीवर ठेवतात तो हाच नारळ, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला आधी हसू आलं आणि मग मीही चाच्यांच्या मागचा समुद्र बघू लागलो.

शेवटच्या भागात सगळे चाचे पकडले गेले. नुसता समुद्र उरला आणि त्यावरून नावं सरकू लागली. नाखवा काचेला नाक लावून बघत होते.

"संपला?"

"संपली, काका."

"मंग आता ह्यो दर्या कवा दावतील?"

ते उठले. नारळ मी त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर म्हणाले, "राहूंदे हितंच. फोन तुमच्याकरंच येतो."

पुढच्या रविवारी त्या वेळेला कुस्ती लागली होती. नाखवा नेहमीसारखे आले, नारळाला हात जोडले आणि टीव्हीकडे पाठ करून फोनजवळच्या खुर्चीत बसले.