ढिली धरलेली चादर

"ताणू नकोस गं! ढिली धर, ढिली!"

"ढिलीच धरलीय. तुम्हीच जरा हळू मारा."

"हळू मारून काय करू? जोरात मारूनही फुटत नाही, हेच तर दाखवायचंय!"

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर स्वतःच्या बैठकीच्या खोलीत अंडी फेकत होते. चादरीचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवलं होतं आणि दुसरं बायकोच्या हातात होतं. दिवसभर दाताच्या दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावून ती नुकतीच घरी आली होती. आल्या आल्या अंड्यांसमोर उभं राहावं लागेल, अशी तिची अपेक्षा नव्हती.

सरांचा मात्र जीव त्या चादरीत अडकला होता. कॉलेजात त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर वर्षी सुट्टी लागली की ती संपायची आणि वर्ग सुरू झाले की पुन्हा मिळायची. मधल्या काळात सर कोणीच नसायचे. ऐन तारुण्यात सुरू झालेला हा खेळ आता डोक्यावरचे केस विरळ झाले तरी चालू होता. अखेर यंदा कायम नेमणुकीची एक जागा निघाली होती. दोन उमेदवार होते. एक सर आणि दुसरा संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. दोघांनी समितीसमोर पाठ घ्यायचा, ज्याचा पाठ सरस तो कायम, असं ठरलं होतं. निदान सरांना तसं सांगण्यात आलं होतं.

विषय त्यांनी हक्काचा निवडला होता, आवेग आणि संवेगातला बदल. मुलं त्यांना पाठीमागे 'संवेग सर' म्हणायची ती उगीच नाही. फेकलेलं अंडं भिंतीवर थांबलं काय आणि चादरीत थांबलं काय, त्याच्या संवेगात होणारा बदल तेवढाच. पण भिंत त्याला क्षणात थांबवते, म्हणून बळ जबरदस्त बसतं आणि अंडं फुटतं. ढिली चादर त्याला सावकाश थांबवते, म्हणून बळ कमी पडतं आणि अंडं वाचतं. मार तोच, पण वेळ वाढवला की लागत नाही.

"आता शेवटचं," म्हणत सरांनी हात मागे नेला आणि नेमकी दाराची बेल वाजली. बायको दाराकडे वळली, टोक सुटलं आणि अंडं थेट खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टावर गेलं. उद्याच्या पाठासाठी बाजूला काढलेला तो शर्ट. सरांकडे चारचौघांत घालण्याजोगा तेवढाच होता.

बायकोने शर्ट उचलला, पिवळा ओघळ पाहिला आणि तो धुवायला नेला. सरांना वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच स्वस्तात मिटलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग खचाखच भरला होता. मागच्या बाकांवर समिती बसली होती. सरांनी भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवली, पहिल्या बाकावरच्या मुलींना मागे सरकवलं आणि बायकोने डब्यात भरून दिलेली अंडी टेबलावर मांडली. चादर धरायला दोन मुलं पुढे बोलावणार, तोच अध्यक्ष उठले.

"आम्ही धरतो की! आम्हालाही जरा शिकू द्या."

अध्यक्ष उठल्यावर प्राचार्यांना बसून राहणं शक्यच नव्हतं. दोघांनी दोन बाजू धरल्या. अध्यक्षांनी चादर अशी खेचली की प्राचार्य दोन पावलं पुढे आले.

"साहेब, जरा ढिली."

"आमच्या संस्थेत ढिलं काही चालत नाही, सर!"

यावर प्राचार्य एकटेच हसले. शेवटी कशीबशी चादर सैल झाली. अंडं घरंगळू नये म्हणून तिची खालची कड झोळीसारखी वर धरली गेली. सरांनी सगळा जोर लावून अंडं फेकलं. ते चादरीत शिरलं, थांबलं आणि झोळीत अलगद उतरलं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अध्यक्षांनी अंडं उचलून कानाशी हलवलं. "सर, हे कच्चंच आहे ना?"

"शंभर टक्के कच्चं, साहेब! आता हेच अंडं तेवढ्याच वेगाने भिंतीवर मारतो. काय होतं ते तुम्हीच पाहा."

सरांनी फेकलं. धप्प असा आवाज झाला. अंडं जरा चेपलं, खाली पडलं आणि गडगडत प्राचार्यांच्या बुटाला टेकलं. वर्तमानपत्रावर साधा ओला डागही नव्हता. फुटलेल्या कवचातून उकडून घट्ट झालेला पांढरा भाग दिसत होता.

वर्गात असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावायला आली. सरांनी घाईघाईने दुसरं अंडं मारलं. तेही उकडलेलं. मग तिसरं मारलं, पण त्या अंड्यानेही त्यांची लाज राखली नाही.

"चादरीचा नियम तरीही खराच आहे," सर ओरडून सांगत होते. "कच्चं असतं तरी वाचलं असतं!" पण ऐकायला कोण रिकामं होतं? अध्यक्षांनी उरलेलं अंडं सोलून अर्धं तोंडात टाकलं होतं.

"मीठ असतं तर बहार आली असती," ते म्हणाले.

पाठ संपल्यावर त्यांनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. सर दारातूनच बोलू लागले, "साहेब, माझ्या हातून चूक झाली. घरून अंडी आणताना घोटाळा झाला. मला एक संधी द्या, उद्याच पुन्हा—"

"बसा हो, बसा. अंड्यांचं एवढं काय मनाला लावून घेता?" अध्यक्ष मायेने म्हणाले. "भाच्याची ऑर्डर तर मागच्याच आठवड्यात निघाली."

सर बसले.

"मग हा पाठ कशाला घेतला माझा?"

"एकदम सांगितलं असतं तर तुम्हाला लागलं असतं ना! म्हणून आम्ही हळूहळू घेत होतो. आधी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. मग भाच्याला तुमच्या मदतीला दिलं. मग तुमचे तास कमी केले. आता पाठ ठेवला. आज तुमचं ऐकलं आणि कळलं की आम्ही अगदी शास्त्रशुद्ध वागत होतो!" अध्यक्ष मनापासून खूश झाले होते. "फार सुंदर समजावता तुम्ही. जाण्याआधी भाच्यालाही एवढा धडा समजावून द्या. त्याला तो येत नाही."

सरांना टेबल उलथवून टाकावंसं वाटलं. पण इतकी वर्षं तात्पुरता राहिलेला माणूस टेबल उलथवत नाही. "देतो," म्हणून ते बाहेर पडले आणि त्या 'देतो'ची त्यांना वाटभर शरम वाटत राहिली.

बायको घराच्या दारातच उभी होती. तिचा चेहरा पाहून त्यांना खरं सांगवेना.

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले. "समिती विचार करतेय. पंधरा दिवस तरी लागतील."

बायकोने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "भाच्याला घेतलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"भाच्याची आई दात काढायला आली होती. एक गाल सुजला होता, तरी दुसऱ्या गालाने सगळ्या दवाखान्याला सांगत होती, पोराची नोकरी नक्की झाली म्हणून. झाला महिना."

"महिना? आणि तू गप्प बसलीस?"

"कसं सांगणार होते? तुम्ही रोज चादर घेऊन उभे!"

"आणि अंडी?"

"मीच उकडली. नोकरी जाणारच होती, वर पुन्हा शर्ट कशाला खराब? एकदा धुताना हात दुखून आले."

सर मटकन खुर्चीत बसले. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्याला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं, हे त्याहून जास्त झोंबलं. अध्यक्षांना ठाऊक होतं, दात काढायला आलेल्या रांगेला ठाऊक होतं आणि घरच्या माणसालाही ठाऊक होतं.

"पुरे झालं हे सांभाळून घेणं," ते खेकसले. "यापुढे जे असेल ते सरळ तोंडावर सांगायचं. आणखी काही लपवलं आहेस का माझ्यापासून? असेल तर आत्ताच्या आत्ता सांगून टाक."

बायकोने ताट मांडायला घेतलं.

"आहे," ती म्हणाली. "पण आधी जेवून घ्या."